दहा रागांची विस्मृत तबकडी

चित्रपटसंगीताचा इतिहास गायक-संगीतकारांच्या नावांनी लिहिला जातो. वादक त्यात क्वचितच येतो. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतील चरणजित सिंग हे असेच एक वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन वाद्ये हाताशी घेतली : ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे खर्जाचे यंत्र. त्यांवर भैरवी, ललत, यमन, मालकंस आदी दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी खपली नाही.

पुढे 1987 मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रसिद्ध झाली. तीही टीबी-303 वरच बेतलेली होती. तिच्यातूनच ‘अ‍ॅसिड हाउस’ ही शैली नावारूपाला आली. 2002 मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली. 2010 मध्ये त्यांच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लहानशा संस्थेने ती पुन्हा काढली, तेव्हा सिंग यांना या शैलीचे जनक म्हणणारेही निघाले.

हे साम्य खरे. परंतु साम्य म्हणजे वारसा नव्हे. टीबी-303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. सिंगांनी तिच्यातून मींड साधली, शिकागोकरांनी नृत्याचा कैफ.

उतारवयात सिंग युरोपच्या रंगमंचांवर वाजवून आले. 2015 मध्ये ते निवर्तले. दुकानात एक प्रत उरली होती, म्हणून हे घडले. आपल्या माळ्यांवरच्या तबकड्या भंगारात देण्यापूर्वी वेष्टनावरील वादकांची नावे तरी उतरवून ठेवावीत.