काशीचे पराडकर

रामनगरहून गंगा ओलांडून काशीत गेले की मैदागिनला ‘पराडकर स्मृती भवन’ आहे. शहरातल्या अनेक पत्रकार परिषदा तिथे होतात. आडनाव उघडच मराठी. पण मराठी पत्रकारितेच्या इतिहासात ते क्वचितच भेटते.

बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीतल्या मराठी कुटुंबात झाला. शिक्षण भागलपूरला, नोकरी कलकत्त्यात आणि लेखन हिंदीत. १९०६ मध्ये ते ‘हिंदी बंगवासी’त रुजू झाले, पुढे ‘हितवार्ता’ आणि ‘भारतमित्र’मध्ये गेले. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लिहीत. ब्रिटिश राजवटीतल्या आर्थिक शोषणाचा हिशेब मांडणारे त्यांचे ‘देशेर कथा’ १९०४ साली निघाले. भाच्याने ते ‘देश की बात’ या नावाने हिंदीत आणले. मामा-भाचे दोघेही मराठी, पण त्या पुस्तकाच्या दोन्ही भाषा परक्या घरच्या.

१९१६ मध्ये क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून पराडकरांना अटक झाली. १९२० मध्ये ते सुटले. त्याच वर्षी शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत ‘आज’ हे दैनिक काढले. पराडकर तिथे गेले आणि पुढे त्याचे संपादक झाले. १९३० च्या सत्याग्रहात सरकारी निर्बंधांमुळे ‘आज’ थांबला, तेव्हा काशीत चोरून छापलेली ‘रणभेरी’ हातोहात फिरू लागली. तिच्यामागे पराडकर होते.

मला भाषांतरकार म्हणून त्यांचे रोजचे काम अधिक मोलाचे वाटते. तारेने येणारी बातमी इंग्रजीत असे आणि सकाळच्या अंकासाठी तिला रातोरात हिंदी शब्द हवा असे. ‘मिस्टर’ऐवजी ‘श्री’, तसेच ‘राष्ट्रपती’, ‘मुद्रास्फीती’ असे शब्द रुळवण्याचे श्रेय हिंदीत त्यांना दिले जाते. यातला ‘राष्ट्रपती’ मराठीतही तितकाच आपला आहे. ‘मुद्रास्फीती’ मात्र आपल्याकडे रुजला नाही; आपण ‘चलनवाढ’ म्हणतो.

१९३८ मध्ये सिमल्याच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हिंदीने या मराठी माणसाला दिले. १९५५ साली ते काशीतच वारले. हिंदीने त्यांना कधीच पाहुणा मानले नाही. मराठीने त्यांची आठवण ठेवायची, तर फक्त मराठीत लिहिलेले मोजून भागणार नाही. मराठी घरांतून शेजारच्या भाषांना काय मिळाले, तेही आपल्या इतिहासात नोंदवावे लागेल.