पिक की बोटे? जॅझ गिटारवादनातील आघाततंत्राचा इतिहास (१९२५ ते १९७५) : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

वाद्यसंगीताचा इतिहास लिहिताना सामान्यतः वादकांची चरित्रे, त्यांच्या शैली आणि गाजलेल्या ध्वनिमुद्रिका यांचा विचार होतो. तार नेमकी कशाने छेडली, हा प्रश्न तंत्राचा समजला जातो आणि इतिहासकार तो संगीतशिक्षकांवर सोपवून पुढे जातात. सतारीची नखी किंवा सरोदचा जवा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे विभाजन किती कृत्रिम आहे हे सहज पटेल. तारेवरचा आघात बदलला की स्वराचा पोत बदलतो, गती बदलते आणि वादकाला सुचणारी वाक्येही बदलतात.

अमेरिकेत विसाव्या शतकात विकसित झालेल्या जॅझ संगीतात गिटार वाजवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलेल्या लहान चपट्या पट्टीने, म्हणजे पिकने, तार छेडली जाते; दुसरीत उघड्या बोटांनी. यांपैकी पहिली पद्धत ‘नैसर्गिक’ आणि दुसरी ‘अपवादात्मक’ असा समज दीर्घकाळ रूढ होता. हा समज कसा घडला, त्यामागे वाद्याची गरज किती आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र, वादकांची रोजगारस्थिती व शिक्षणसंस्था यांचा वाटा किती, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. सोयीसाठी १९२५ ते १९७५ हा कालखंड निवडला आहे.

साधने आणि त्यांची मर्यादा

या विषयाचे प्रमुख साधन म्हणजे ध्वनिमुद्रिका. मात्र ध्वनिमुद्रिकेत स्वर ऐकू येतो, हात दिसत नाही. दुसरे साधन म्हणजे वादकांच्या मुलाखती. त्यांत कारणमीमांसा असते, पण ती घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलेली असते आणि पुनःपुन्हा सांगताना गोष्टीला गुळगुळीतपणा येतो. तिसरे साधन म्हणजे खुद्द वाद्ये आणि शिकवण्याची पुस्तके. ही तिन्ही साधने एकमेकांवर ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

दोन्ही पद्धतींतील मूलभूत फरक येथेच नोंदवणे इष्ट होईल. पिकचे टोक कठीण व अरुंद असते. त्यामुळे स्वराचा आरंभ धारदार होतो आणि तारेतील उच्च स्वरांश ठळक ऐकू येतात. वर-खाली अशा आलटून-पालटून आघातांनी मोठी गती साधते. उलट एकमेकींपासून दूर असलेल्या दोन तारा एकाच क्षणी छेडायच्या झाल्यास पिक अपुरी पडते. मधल्या तारा डाव्या हाताने दाबून मुक्या कराव्या लागतात. बोटांच्या मऊ व रुंद स्पर्शाने उच्च स्वरांश दबतात, आवाज गोल आणि तुलनेने लहान होतो. पण अंगठ्याने खर्जाची चाल आणि बोटांनी सुरावट अशी दोन-तीन पदरी वीण एकट्या वादकाला शक्य होते. यावरून पिकचे बळ आवाजात व एकेरी सुरावटीत, तर बोटांचे बळ स्वरांच्या बहुपदरी रचनेत आहे, असे म्हणता येईल.

आवाजाचा प्रश्न

बोटांनी गिटार वाजवण्याची परंपरा जॅझमध्ये मागाहून आली, असे मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. ब्लाइंड ब्लेक यांच्या १९२६ पासूनच्या आणि मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या १९२८च्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज व रॅगटाइम संगीतात अंगठा आणि बोटे यांचे तंत्र किती प्रगत होते हे कळते. परंतु हे वादक बहुधा एकटे गात व वाजवत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट आणि ड्रम यांच्या जथ्यात बोटांनी छेडलेली गिटार ऐकूच गेली नसती. म्हणून आरंभीच्या जॅझ वाद्यवृंदांत कडक व मोठ्या आवाजाच्या बॅन्जोला पसंती होती. लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२५ पासूनच्या ‘हॉट फाइव्ह’ ध्वनिमुद्रणांत जॉनी सेंट सिर यांच्या हाती बॅन्जोच आहे.

१९२५ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी कर्ण्याऐवजी विजेवर चालणारा मायक्रोफोन वापरात येऊ लागला आणि गिटारसारख्या सौम्य वाद्यालाही तबकडीवर जागा मिळाली. तिचा लाभ सर्वांत प्रभावीपणे घेतला तो एडी लँग (१९०२–१९३३) यांनी. फिलाडेल्फियात वाढलेल्या लँग यांचे मूळ शिक्षण व्हायोलिनचे होते. पिकने छेडलेल्या त्यांच्या स्वच्छ, एकेरी स्वरपंक्तींत त्या शिक्षणाची छाया दिसते. व्हायोलिनवादक ज्यो व्हेनुटी यांच्यासोबतची त्यांची ध्वनिमुद्रणे, तसेच १९२८–२९ मधील लॉनी जॉन्सन यांच्याबरोबरची युगुलवादने यांमुळे गिटार हे स्वतंत्र वाद्य म्हणून मान्य झाले. जॉन्सन कृष्णवर्णीय आणि लँग श्वेतवर्णीय; ती युगुलवादने प्रसिद्ध झाली तेव्हा तबकडीवर लँग यांचे नाव ‘ब्लाइंड विली डन’ असे छापले गेले. दोन वंशांचे हात एका तबकडीवर वाजू शकत होते, पण त्यांची नावे शेजारी छापली जाऊ शकत नव्हती. तंत्राचा इतिहास समाजाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

मायक्रोफोन ध्वनिमुद्रणगृहात होता; नृत्यगृहात परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. तेथे गिटारवादकाचे काम लय धरण्याचे होते आणि त्यासाठी पिक अनिवार्य होती. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ मधील मृत्यूपर्यंत हे काम करणारे फ्रेडी ग्रीन हे त्या परंपरेचे शिखर होय. युरोपात जँगो रेनहार्ट (१९१०–१९५३) यांच्यासमोर हाच प्रश्न होता. १९२८च्या आगीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, याची चर्चा पुष्कळ होते. उजव्या हाताची मात्र क्वचितच होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या पंचकात ड्रम नव्हता, तरी दोन साथीच्या गिटारी, व्हायोलिन आणि बास यांच्यावर उठून दिसण्याइतका आवाज त्यांना मोकळ्या मनगटातून आणि पिकमधूनच काढावा लागला.

वीज आली, पिक राहिली

१९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही विजेची गिटार बाजारात आणली. आवाजाचे बंधन त्याबरोबर सुटले. पिकचे प्रयोजन केवळ आवाजापुरते असते, तर येथूनच बोटांचे युग सुरू व्हायला हवे होते. तसे झाले नाही. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्याकडे दाखल झालेले चार्ली ख्रिश्चन (१९१६–१९४२) हे वाद्य पिकनेच वाजवत. त्यांच्यापुढे आदर्श होता सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्याचा : एका वेळी एक स्वर, लांब पल्ल्याचे वाक्य आणि ठसठशीत उच्चार. विजेने गिटारला जो आवाज दिला, तो त्यांनी फुंकवाद्यांच्या पंक्तीत बसण्यासाठी वापरला. पंचविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. पण पुढील पिढीच्या कानात हीच भाषा ‘जॅझ गिटार’ म्हणून पक्की झाली. तात्पर्य, तंत्रज्ञान शक्यता निर्माण करते. त्या शक्यतेचे काय करायचे, हे त्या काळाचा सौंदर्यविषयक आदर्श ठरवतो.

अंगठ्याची गोष्ट

वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) यांचे उदाहरण या चर्चेत निर्णायक आहे. इंडियानापोलिसच्या या कृष्णवर्णीय वादकाने विशीच्या उंबरठ्यावर ख्रिश्चन यांची ध्वनिमुद्रिका ऐकून विजेची गिटार घेतली आणि त्यांचे वादन स्वरानुस्वर पाठ केले. स्वरलेखन त्यांना वाचता येत नव्हते. घरी सराव करताना पिकचा आवाज शेजाऱ्यांना त्रासदायक होऊ लागला, म्हणून आपण अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडू लागलो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी गमतीदार योगायोग म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखकास ती श्रमाच्या इतिहासाचा पुरावा वाटते. माँटगोमेरी दिवसा कारखान्यात काम करत, रात्री क्लबमध्ये वाजवत आणि मोठे कुटुंब सांभाळत. सरावासाठी स्वतंत्र खोली, मोकळा वेळ किंवा संगीतशाळेचे छत्र त्यांच्या वाट्याला आले नव्हते. दुसऱ्यांच्या झोपेचा मान राखत जो सराव करता येईल, तोच त्यांचा सराव होता. त्या मर्यादेतून जन्मलेल्या मऊ, भरदार स्वराने पुढे जॅझ गिटारचा कान बदलला.

माँटगोमेरी एकेरी स्वरांसाठी अंगठ्याचा प्रामुख्याने खाली जाणारा आघात वापरत आणि तरीही त्यांची गती चकित करणारी होती. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवण्याची त्यांची लकब प्रसिद्ध आहे. ती त्यांचा शोध नव्हे. रेनहार्ट यांनी ती पिकने वाजवली होती. पण अंगठ्याच्या रुंद स्पर्शामुळे मधल्या मुक्या तारांचा खरखरीतपणा नाहीसा झाला आणि जोडस्वरांची लांबलचक वाक्ये सलग, गायनासारखी वाहू लागली. आधी एकेरी स्वर, मग जोडस्वर, शेवटी भरगच्च स्वरसंगती अशी त्यांच्या वादनाची चढती मांडणी या स्पर्शाशी निगडित आहे. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांनी त्यांना ऐकून रिव्हरसाइड कंपनीकडे शिफारस केली, तेव्हा माँटगोमेरी छत्तीस वर्षांचे होते. पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय कीर्तीची अवघी नऊ वर्षे त्यांना लाभली.

बोटांच्या अन्य वाटा

माँटगोमेरी यांनी प्रामुख्याने अंगठाच वापरला. सर्व बोटांचा विचार करणारी वाट जॉर्ज व्हॅन एप्स (१९१३–१९९८) यांनी आखली. त्यांचे वडील फ्रेड हे बोटांनी बॅन्जो वाजवणारे नामवंत वादक होते. जॉर्ज यांनी वाद्यवृंदांत लयीचे काम केलेच. पण १९३० च्या दशकाच्या अखेरीस सात तारांची गिटार बनवून घेऊन, खर्ज, मधले स्वर आणि सुरावट ही तिन्ही अंगे एका हाताखाली आणण्याचा ध्यास घेतला. गिटारला ते मांडीवरचा पियानो म्हणत.

तिसरी वाट ब्राझीलमधून आली. तेथे बोटांनी वाजवायची, पुढे नायलॉनच्या तारा चढलेली गिटार मुख्य प्रवाहातच होती. लॉरिंदो आल्मेदा यांनी १९५३ मध्ये बड शँक यांच्यासह ती जॅझच्या सान्निध्यात आणली. चार्ली बर्ड (१९२५–१९९९) यांनी १९५४ मध्ये इटलीत सेगोव्हिया यांच्याकडे अभिजात गिटारचे मार्गदर्शन घेतले होते. १९६१ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने ते लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्यात ऐकलेल्या बोसा नोव्हातून फेब्रुवारी १९६२ मध्ये स्टॅन गेट्झ यांच्यासह ‘जॅझ सांबा’ ध्वनिमुद्रित झाली. शीतयुद्धकालीन सांस्कृतिक राजनीतीने बोटांच्या तंत्राला अशी अनपेक्षित चालना दिली.

या वाटांचा संगम जो पास (१९२९–१९९४) यांच्या १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘व्हर्च्युओसो’ मध्ये दिसतो. साथीला कोणी नसताना एका गिटारवर संपूर्ण मैफल उभी राहू शकते, हे तिने सिद्ध केले. पास पिक आणि बोटे दोन्ही वापरत आणि उत्तरायुष्यात बोटांकडे अधिक वळले.

अभ्यासक्रम आणि प्रमाण पद्धती

जॅझचे शिक्षण महाविद्यालयीन चौकटीत स्थिरावत असताना कोणती पद्धत प्रमाण ठरली, हा अध्यापक म्हणून आपल्याला अधिक जवळचा प्रश्न आहे. बॉस्टनच्या बर्कली संस्थेतील विल्यम लेव्हिट यांच्या ‘ए मॉडर्न मेथड फॉर गिटार’ या पुस्तकाचा पहिला भाग १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मांडणी पिकवर आधारलेली आणि स्वरवाचनावर भर देणारी आहे. मूळ बोटांसाठी लिहिलेल्या अभिजात रचना पिकने वाजवण्यासाठीही त्यांनी स्वतंत्र पुस्तक केले. व्यावसायिक वादकाला समोर ठेवलेली पाने तत्काळ वाचून वाजवावी लागत, हे लक्षात घेता हा आग्रह समजण्याजोगा आहे आणि त्या पुस्तकांचे मोल निर्विवाद आहे.

तरीही एक विसंगती नजरेआड करता येत नाही. १९६६ मध्ये माँटगोमेरी हयात होते, कीर्तीच्या शिखरावर होते. आणि स्वरवाचन व पिक या दोन्ही निकषांवर ते प्राथमिक पाठातच अनुत्तीर्ण झाले असते. अभ्यासक्रम ज्ञानाचे जतन करतो, तसाच तो ज्ञानाला एक कुंपणही घालतो. कुंपणाबाहेर जे फुलते, ते कालांतराने ‘विशेष तंत्र’ म्हणून परिशिष्टात येते.

निष्कर्ष

(१) जॅझ गिटारमध्ये पिकचे वर्चस्व हे वाद्याच्या स्वभावातून आलेले नसून वाद्यवृंदातील आवाजाच्या गरजेतून आलेले आहे.

(२) विजेच्या गिटारने ही गरज संपवली. तरी फुंकवाद्यांचा आदर्श आणि पुढे अभ्यासक्रम यांमुळे पिकचे स्थान टिकून राहिले.

(३) बोटांचे तंत्र ब्लूज व रॅगटाइममध्ये आधीपासून होते. जॅझमधील त्याचे आगमन हे बव्हंशी पुनरागमन होय.

(४) माँटगोमेरी यांचे अंगठ्याचे तंत्र हा केवळ प्रतिभेचा चमत्कार नसून श्रमिक जीवनाच्या मर्यादांना दिलेले सर्जनशील उत्तर आहे.

आज पिक, बोटे आणि दोहोंचे मिश्रण या तिन्ही पद्धती एकाच वर्गात शिकवल्या जातात आणि एकाच वादकाच्या हातीही दिसतात. ‘कोणती श्रेष्ठ?’ हा वाद त्यामुळे मावळला आहे. अभ्यासकापुढे उरतो तो वेगळा प्रश्न : एखादी पद्धत ‘योग्य’ ठरली तेव्हा ती कोणाच्या सोयीची होती आणि कोणाला तिच्याविना वाट काढावी लागली? शेजारी जागे होऊ नयेत म्हणून रात्री अंगठ्याने तार छेडणारा कामगार या प्रश्नाच्या केंद्रस्थानी ठेवला, तर संगीताचा इतिहास अधिक प्रामाणिकपणे लिहिता येईल.