मूळ आणि टोक

मूलतत्त्ववाद आणि अतिरेकवाद हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. औंधचा इतिहास वाचताना मला ही गल्लत खटकते. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी येथे स्वाध्याय मंडळ उभारले, वेदसंहिता छापल्या. वेद हेच धर्माचे मूळ, ही त्यांची अढळ निष्ठा. त्या अर्थाने ते मूलतत्त्ववादी. ते संघाचे संघचालकही होते. वैदिक प्रार्थनांवरील त्यांच्या लेखावरून राजद्रोहाचा खटला झाला, तरी त्यांचे हत्यार लेखणीच राहिले.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. तो अतिरेक. मारेकरी ब्राह्मण, म्हणून सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरे जाळली गेली. तोही अतिरेकच, आणि त्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार लागला नाही. त्याच वर्षी, ऐंशी वर्षांचे पंडितजी औंध सोडून तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील पारडीला गेले.

मूलतत्त्ववाद ग्रंथ कसा वाचायचा ते सांगतो; अतिरेकवाद दुसऱ्या माणसाचे काय करायचे ते ठरवतो. पहिल्याशी वाद घालता येतो, दुसरा वादच संपवतो. मात्र ‘माझाच अर्थ खरा’ म्हणणारा इतरांचे वाचन बंद पाडू लागला, की ही सीमा पुसट होते. पहारा तिथे हवा.