कायद्यांतील उपोद्घात व त्याचा हेतु

इंग्रजी अंमलाच्या आरंभींचे कायदे आमच्याकडे फार थोडे अभ्यासक मुळांतून वाचतात. वतन, इनाम किंवा दिवाणी दाव्यांच्या शोधांत रेग्युलेशनांचे आंकडे टिपणांत येतात व तेथेंच राहतात. कायदा कोणत्या रीतीनें लिहावा याविषयींच त्या काळीं एक स्वतंत्र कायदा झाला होता, हें सहसा लक्षांत घेतलें जात नाहीं.

तो कायदा म्हणजे बंगालचें १७९३ चें ४१ वें रेग्युलेशन. कॉर्नवॉलिसच्या कारकीर्दींत झालेल्या या रेग्युलेशनानें असें ठरविलें कीं, प्रत्येक कायद्यास अनुक्रमांक व मथळा असावा, कलमें पाडावीं, तो छापून देशी भाषांत उतरवावा, आणि तो करण्याचीं कारणें आरंभीं उपोद्घातांत नमूद करावीं. कारणें कशासाठीं? कायद्याचा इष्ट परिणाम झाला कीं नाहीं हें पुढील कारभाऱ्यांस ताडून पाहतां यावें, पुरेशा विचारावांचून नवा कायदा होऊं नये व जुना मोडला जाऊं नये, आणि प्रांताची भरभराट वा ऱ्हास झाल्यास त्याचें मूळ कायद्याच्या पुस्तकांतच सांपडावें, एवढ्यासाठीं. ज्या सभेंत रयतेच्या वतीनें बोलणारा एकही मनुष्य नव्हता, तिनें स्वतःविरुद्ध असा पुरावा लिहून ठेवण्याचें पत्करावें, हें नवल होय. त्याच वर्षींच्या कायमधाऱ्याविषयीं सरकारचीं कारणें आज वाचावयास मिळतात, तीं याच पद्धतीमुळें.

कारणांसह लेखन मराठी दप्तरास अपरिचित नव्हतें. पेशवाईंत कायदेमंडळ नव्हतें, छापील कायदाही नव्हता. पण एखादें निवाडपत्र काढून पाहावें. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरीरी, उभयतांचे राजीनामे व जामीन, साक्षीदारांचे जबाब आणि शेवटीं निर्णय, असा सर्व मजकूर त्यांत उतरलेला असतो. निर्णय पटो वा न पटो, तो कसा झाला हें वाचणारास कळतें. ताकीदपत्रांत मात्र कारण कधीं एका ओळीचें, कधीं मुळींच नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

मुंबई इलाख्यांत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें जुने नियम तपासण्याचें काम एका समितीकडे सोंपविलें. तिचें फलित म्हणून १ जानेवारी १८२७ रोजीं २७ रेग्युलेशनांची संहिता मंजूर झाली. चौथ्या रेग्युलेशनाच्या २६ व्या कलमानें दिवाणी न्यायाधीशांस पार्लमेंटचे व सरकारचे कायदे, ते नसतील तेथें देशाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा आणि अखेर न्याय व सदसद्विवेक, असा क्रम लावून दिला. यावरून एल्फिन्स्टननें आमचा रिवाजच कायदा करून छापला असें कित्येकांनीं म्हटलें आहे, तें आम्हांस मान्य नाहीं. दक्षिणेंतील शास्त्री व जातींचे लोक यांस विचारून आर्थर स्टील यानें रिवाजांचा जो संग्रह केला, तो १८२७ तच छापला गेला. परंतु तो संग्रहच राहिला, कायदा झाला नाहीं.

मॅकॉलेच्या कायदा-समितीनें १८३७ त मुंबईच्या दंडविधानाविषयीं लिहिलें कीं, एकत्र ग्रथित असणें एवढाच त्याचा गुण. गुन्ह्यांच्या वर्गीकरणाचा विचार त्यांत इतर इलाख्यांहून कमीच आहे. टीका कठोर खरी; पण सर्व नियम एका ठिकाणीं मिळणें हा वाचणाऱ्याच्या दृष्टीनें लहान गुण नव्हे.

१८३३ च्या सनदेनें मुंबईचा कायदे करण्याचा अधिकार गेला व १८६१ च्या कायद्यानें परत आला. आतां छापील मसुदा आणि त्यावर सभेंत चर्चा ही वाट सुरू झाली, कालांतरानें निवडलेले सभासदही आले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आलें. सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेली जमीन कुळास पुनः देतांना ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा त्याचा हक्क काढून घेण्याची त्यांत तरतूद होती. ऑगस्ट १९०१ त पुण्याच्या बैठकींत फिरोजशहा मेथा यांनीं विधेयक अधिकारी व सार्वजनिक संस्था यांच्या मतांकरितां फिरवावें अशी सूचना आणली. सरकारी मताधिक्यापुढें ती फेटाळली गेली. मेथा, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख व गोपाळ कृष्ण गोखले हे सभा सोडून गेले. त्यांच्यामागें विधेयक मंजूर झालें. कायद्याच्या पुस्तकांत तें १९०१ चा मुंबईचा ६ वा कायदा म्हणून आढळतें.