खाटेविना शस्त्रक्रिया

इस्पितळाचा खर्च कशांत होतो असें विचारलें, तर आपण औषधांकडे व शस्त्रांकडे बोट दाखवूं. हिशेबनीस मात्र खाटेकडे दाखवील. एक खाट म्हणजे रात्रीची परिचारिका, दोन वेळचें जेवण, धुणें, ऊब आणि दिवाबत्ती. शिवाय ज्याला जागा मिळाली नाहीं असा दारांतला दुसरा रोगी!

ग्लासगो येथील मुलांचें इस्पितळ देणग्यांवर चालत असे. तेथील शल्यवैद्य जेम्स निकोल यांनीं १९०९ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें आपला दहा वर्षांचा हिशेब मांडला. इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागांत ८,९८८ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यांतील जवळजवळ निम्मीं मुलें तीन वर्षांच्या आंतील होतीं. फाटलेला ओठ, अंतर्गळ, वांकडीं पावलें असे विकार. काम उरकलें कीं मूल आईच्या कडेवर घरीं! तान्ह्या मुलाला आईपासून तोडून खाटेवर ठेवण्यांत लाभ थोडा आणि पैशाचा अपव्यय फार, असें निकोल यांचें मत होतें.

हा पैसा वांचला, परंतु श्रम वांचले काय? इस्पितळांतील रात्रपाळी आईच्या वांट्यास आली, आणि तीही बहुधा ग्लासगोच्या एकदोन खोल्यांच्या कोंदट बिऱ्हाडांत. निकोल हें ओळखून होते. इस्पितळाजवळ एक लहानसें घर घेऊन तेथें त्यांनीं तान्हीं मुलें व त्यांच्या माता यांची सोय केली. माझ्या मतें त्यांचा खरा मोठेपणा आकड्यापेक्षां या घरांत आहे.

पुढें मात्र हा मार्ग फारसा कोणीं चोखाळला नाहीं. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ पडून राहणें हाच शिरस्ता होता. १९५५ सालीं एडिंबरोच्या फार्कुहरसन यांनीं अंतर्गळाच्या ४५८ प्रौढ रोग्यांना केवळ जागा बधिर करून, त्याच दिवशीं घरीं पाठविल्याचें प्रसिद्ध केलें. अमेरिकेंत १९७० सालीं रीड व फोर्ड या दोघां भूलतज्ज्ञांनीं फिनिक्स येथें केवळ अशाच शस्त्रक्रियांसाठीं स्वतंत्र केंद्र उघडलें. खाट नाहीं म्हणून आकार कमी. पण विमेवाल्यांना खाटेचें देयक पाहण्याची संवय! तेथील वृद्धांच्या सरकारी विमायोजनेनें अशा केंद्रांचें देयक देण्यास १९८२ सालीं आरंभ केला.

आपल्याकडील आरोग्यविम्याच्या करारांतही चोवीस तास इस्पितळांत राहण्याची अट सामान्यतः असते. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रिया तिच्यांतून सुटल्या आहेत, त्या अपवादाच्या यादीनें.