हलगी, व्हायोलिन आणि अनाथांची शाळा

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयातील अकरा विद्यार्थ्यांना घेऊन मी लोणावळ्याहून लोकलने पुण्याला गेलो. कॅम्पातल्या एका लहानशा सभागृहात पाश्चात्त्य संगीताची बैठक होती. परगावाहून आलेला एक नाणावलेला व्हायोलिनवादक आणि त्याच्यासोबत संगीतशाळेत शिकणारी सात मुले-मुली. वाजवायचे होते मेंडेलसनचे अष्टक. चार व्हायोलिने, दोन व्हायोला, दोन चेलो. इतिहासाच्या प्राध्यापकाने पोरांना असल्या ठिकाणी का न्यावे, असे मला एकाने विचारले होते. आपल्या पोरांचा हा विषय नव्हे, असेही त्याने वर सुनावले. ‘आपल्या पोरांचा’ या शब्दांत त्याला काय म्हणायचे होते ते मला कळले. हा लेख म्हणजे त्याला दिलेले उत्तर आहे.

पहिली गोष्ट मी पाहिली ती बसण्याची. आठजण अर्धवर्तुळात बसले होते. पुढे काठी हलवणारा कोणी नव्हता. पाहुण्याच्या वाट्याला पहिले व्हायोलिन होते आणि या रचनेत ते सर्वांत अवघड आहे, हे खरे. तरीही सुरू करताना त्याला मुलांच्या श्वासाकडे पाहावे लागत होते आणि मुलांना त्याच्या. शेवटच्या भागाची सुरुवात तर सर्वांत खालच्या आवाजाचा चेलो करतो. त्याच्यामागून एकेक आवाज चढत जातो आणि पहिल्या व्हायोलिनचा प्रवेश सर्वांत शेवटी होतो. इथे खालच्याने आधी बोलायचे आणि वरच्याने आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. ज्यांच्या बापजाद्यांनी पंक्तिप्रपंच भोगला आहे, त्यांना या बसण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मेंडेलसनने हे अष्टक १८२५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आपल्या व्हायोलिनच्या गुरूला वाढदिवसाची भेट म्हणून लिहिले. त्याचे घर सुखवस्तू होते, पण ज्यू होते. त्याचा आजोबा मोझेस मेंडेलसन १७४३ साली विद्येसाठी बर्लिनला आला, तेव्हा ज्यूंना त्या शहरात शिरायला ठरावीक वेस होती. वेस म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको! बरोबर शंभर वर्षांनी, १८४३ साली, त्याच मोझेसच्या नातवाने लाइपझिग येथे संगीताची शाळा स्थापन केली. युरोपभरची मुले तिथे शिकायला येऊ लागली. कुटुंबाने मुलांना बाप्तिस्मा दिलेला होता, तरी जन्म काही पुसला गेला नाही. मेंडेलसनच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १८५० साली, वाग्नरने निबंध लिहून ज्यूंच्या हातून खरे संगीत होणेच शक्य नाही, असे मांडले. १९३६ साली नाझींनी लाइपझिगमधला मेंडेलसनचा पुतळा उखडला. तो पुन्हा उभा राहायला २००८ साल उजाडले. जन्मावरून कलेची लायकी ठरवणारे लोक फक्त आपल्याच देशात झाले असे नाही.

अशा संगीतशाळेला युरोपात ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणतात. आज हा शब्द ऐकला की झुंबरे आणि संगमरवर डोळ्यांपुढे येतात. मुळात त्याचा अर्थ सांभाळण्याची जागा असा आहे. सोळाव्या शतकात इटलीतल्या नेपल्स शहरात पोरक्या मुलांसाठी आश्रम निघाले, त्यांतला पहिला १५३७ सालचा. पुढे तिथे मुलांना संगीत शिकवू लागले आणि आश्रमाचे नाव शाळेला चिकटले. व्हेनिसमध्ये टाकून दिलेल्या मुलींचा ‘पिएता’ नावाचा आश्रम होता. १७०३ साली विवाल्डी हा तरुण धर्मोपदेशक तिथे व्हायोलिनचा शिक्षक झाला. जगभर वाजणाऱ्या त्याच्या कितीतरी रचना या बेवारस मुलींच्या हातांसाठी लिहिलेल्या आहेत. म्हणजे नामांकित व्हायोलिनवादकाने शिकणाऱ्या पोरांसोबत बसायचे, ही रीत अनाथालयात वाढली. ती कोण्या राजवाड्याची देणगी नव्हे.

मी या आश्रमांची आरती ओवाळत नाही. व्हेनिसच्या मुली जाळीआड राहून गात-वाजवीत आणि देणग्या आश्रमाच्या पेटीत पडत. नेपल्सच्या पोरांना मिरवणुकांत आणि प्रेतयात्रांत गायला पाठवून पैसा उभा केला जाई. लग्नात वाजवा, मयताला वाजवा आणि लांब उभे राहा, हे आपलेच चित्र वाटते. फरक एका ठिकाणी आहे. त्या पोरांना शिक्षक मिळाला, लिपी मिळाली. आपल्या कसबाची वही त्यांच्या हाती आली.

आपल्याकडे काय झाले? इथल्या व्यवस्थेनेही टाकलेल्या माणसांच्या हाती वाद्य दिले. पण ते विद्या म्हणून नव्हे, वेठ म्हणून दिले. हलगी, डफडे, सनई, संबळ, ज्याच्या त्याच्या जातीच्या पदरात बांधलेली. हलगीशिवाय देवाची पालखी हलत नव्हती आणि हलगीवाल्याला देवळाची पायरी चढता येत नव्हती. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला. १९०१ साली विष्णू दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घराण्यांत कोंडलेले गाणे त्यांनी शाळेत आणले, त्याला लिपी आणि परीक्षा दिली. हे काम मोठेच आहे. पण त्या शाळेच्या फळ्यावर हलगीचे बोल चढले नाहीत. वेशीबाहेरचे वाद्य वेशीबाहेरच राहिले.

माझे आजोबा नाणे मावळातले. गावची हलगी त्यांच्याकडे होती. जाळावर शेकलेली हलगी, एक जाड काडी आणि एक बारीक. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा आजोबा कामशेतपर्यंत पायी आणि पुढे आगगाडीने तिथे पोहोचले. दोन वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली. मग एका संध्याकाळी त्यांनी हलगी चुलीत घातली. कातडे जळाल्याचा वास रात्रभर घरात होता, असे आजी सांगायची. तो नकार योग्यच होता. हलगी जळाली म्हणून माझा बाप गावकीतून सुटला आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या चुलीत वेठ जळाली, तशी तीन-चार पिढ्यांची लयही जळाली. तिच्या जागी दुसरे वाद्य आमच्या घरात कोणी आणून ठेवले नाही.

बाबासाहेबांनी मात्र ठेवले होते. उत्तरायुष्यात, राज्यघटनेपासून धम्मापर्यंतचे डोंगर खांद्यावर असताना, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. मुंबईत साठे नावाचे शिक्षक त्यांना धडे देत. ते व्हायोलिन आज पुण्यात, सिंबायोसिसच्या संग्रहालयात काचेआड आहे. आपण त्याला हात जोडतो आणि पुढे सरकतो. पण महारकी सोडा म्हणून सांगणारा माणूस स्वतः वाद्य हाती घेऊन विद्यार्थी म्हणून बसतो, याचा अर्थ आपण लावला काय? त्यांचा झगडा जन्माने लादलेल्या कामाशी होता. संगीताशी त्यांचे वैर नव्हते. एकाच माणसाने दोन्ही गोष्टी केल्या. आपण पहिली घेतली आणि दुसरीची तसबीर केली.

गोव्यात काय घडले तेही पाहावे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले गेले. जात तिथल्या चर्चमधूनही गेली नाही, हे विसरू नये. पण शाळेतून वाजवणारे हात तयार झाले. त्यांनीच पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद उभा केला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवरच्या रचना वाजवणारा स्वतंत्र वाद्यवृंद उभारला. आणि २००९ पासून गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांना व्हायोलिन-चेलो शिकवीत आहे. म्हणजे अनाथालयातला जुना विचार पुन्हा आपल्या मुळाकडे आला आहे. गोव्यात जे होते ते मावळात का होऊ नये?

परतीच्या लोकलमध्ये एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसली होती. तिचे वडील मातंग समाजातले, लग्नसराईत वरातीपुढे हलगी वाजवतात. तळेगाव मागे पडले, तेव्हा ती म्हणाली, “सर, तो पाहुणा मुलांकडं बघून मान हलवत होता. माझ्या बापाकडं बघून अशी मान कुणी हलवली नाही. पैसे फेकतात.” डब्यात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना भाज्याच्या लेण्यांत नेले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विहाराच्या ओसरीत, भिंतीवरच्या कोरीव कामात, वाद्य वाजवणारी आणि नाचणारी माणसे आहेत. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्या सुताराचे आणि गंधिकाचे नाव दगडात कोरलेले आहे. ज्या मावळात सुताराचे नाव दगडावर टिकले, तिथे हलगीवाल्याचे नाव कागदावरसुद्धा नाही.

ती मुलगी आता रोज संध्याकाळी वडिलांना समोर बसवून हलगीचे बोल लिहून घेते. जाड काडीचा ठोका कुठला आणि बारीक काडीचा कुठला, यासाठी तिने स्वतःच्या खुणा ठरवल्या आहेत. वडील आधी हसले, मग चुकीचा ठोका लिहिला की रागावू लागले. तिला व्हायोलिनही शिकायचे आहे. त्यासाठी शिक्षक मी शोधतो आहे, अजून मिळालेला नाही. वहीची चौदा पाने भरली आहेत.