कॉलिन्स, बड

(१७ जून १९२९ – ४ मार्च २०१६). अमेरिकन क्रीडापत्रकार, टेनिस-समालोचक आणि टेनिसचे इतिहासकार. पूर्ण नाव आर्थर वर्थ कॉलिन्स. जन्म ओहायो राज्यातील लायमा येथे. बालपण त्याच राज्यातल्या बेरिया गावी गेले. तिथल्या बॉल्डविन-वॉलेस महाविद्यालयाची पदवी घेऊन पुढे ते बॉस्टनला आले व ‘बॉस्टन हेरल्ड’मध्ये क्रीडावार्ताहर झाले. ब्रँडाइस विद्यापीठाच्या टेनिस संघाचे ते काही वर्षे प्रशिक्षक होते. स्वतःही बऱ्यापैकी खेळत. १९६१ मध्ये जॅनेट हॉप्स यांच्या साथीने त्यांनी अमेरिकेची इनडोअर मिश्र दुहेरी स्पर्धा जिंकली.

१९६३ मध्ये ते ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये गेले आणि त्याच वर्षी बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रासाठी समालोचन करू लागले. लेखणी खाली न ठेवता पडद्यावर नियमित दिसणारा वार्ताहर तेव्हा विरळाच. १९६८ मध्ये मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या, खेळाचा प्रेक्षक झपाट्याने वाढला. या नव्या प्रेक्षकाला खेळ समजावून सांगणारा माणूस हवा होता. आधी सीबीएस आणि १९७२ पासून २००७ पर्यंत एनबीसी या वाहिन्यांवर कॉलिन्स यांनी ते काम केले. १९७९ मध्ये एनबीसीने विम्बल्डनची अंतिम लढत अमेरिकेत प्रथमच थेट दाखवली. लंडनमध्ये दुपारचे दोन, तर न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ; म्हणून कार्यक्रमाचे नाव ‘ब्रेकफास्ट ॲट विम्बल्डन’. ब्यॉर्न बोर्ग आणि रॉस्को टॅनर या खेळाडूंची ती झुंज पाच सेट चालली, आणि हा कार्यक्रम पुढे उन्हाळ्यातला घरोघरीचा रिवाज बनला.

खेळाडूंना चटकन तोंडी बसणारी नावे देण्यात त्यांचा हातखंडा होता : स्टेफी ग्राफ ‘फ्रॉयलाइन फोरहँड’, तर विल्यम्स भगिनी ‘सिस्टर्स स्लेजहॅमर’. देशोदेशीच्या कापडांच्या भडक, नक्षीदार विजारी ही त्यांची दुसरी ओळख. या पेहरावाचा बोलबाला इतका झाला की त्यामागचा दांडगा व्यासंग झाकला गेला. जुने निकाल, विस्मरणात गेलेले विजेते, कोणी कोणाला किती गुणांनी हरवले, हे सारे त्यांनी चिकाटीने जमवले. त्यातून टेनिसचा कोश उभा राहिला व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. २००८ मधला ‘द बड कॉलिन्स हिस्टरी ऑफ टेनिस’ हा ग्रंथ त्याच परंपरेतला. समालोचनापेक्षाही हेच त्यांचे टिकाऊ काम मानले पाहिजे. टेनिसपटू रॉड लेव्हर यांच्या १९६९ च्या ग्रँड स्लॅमची (एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकण्याची) हकिगत सांगणारे ‘द एज्युकेशन ऑफ अ टेनिस प्लेअर’ (१९७१) हे पुस्तक त्यांनी लेव्हर यांच्यासह लिहिले.

१९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९९९ मध्ये क्रीडापत्रकारितेचा रेड स्मिथ पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये एनबीसीने करार वाढवला नाही, तेव्हा ते ईएसपीएन वाहिनीकडे गेले. २०१५ मध्ये यूएस ओपनच्या माध्यम केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे त्यांचे निधन झाले.